नावे दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा?

१

मी ज्या शाळेत शिकलो तिथे हजेरी संपली की मास्तर म्हणत, ‘स्कॉलरशिपवाल्यांनी उभे राहावे.’ आमच्यापैकी प्रत्येकाला आईबापांनी ठेवलेले नाव होते. हजेरीत ते नुकतेच पुकारले गेलेले असे. तरी या दुसऱ्या नावाने आम्ही उठत असू आणि उठताना मान आपोआप खाली जाई. मास्तरांनी शिवी दिली नव्हती. सरकारी कागदावरचाच एक शब्द त्यांनी उच्चारला होता. पण त्या शब्दाने वर्गाची दोन भागांत वाटणी होई आणि आम्ही कोणत्या भागात आहोत हे आम्हांला कळे.

घरातला पहिला पदवीधर होऊन आज मी महाविद्यालयात भाषा शिकवतो. पाठ्यपुस्तकात भाषेची व्याख्या असते: विचार व्यक्त करण्याचे साधन. ही व्याख्या मला कधीच पुरी पडली नाही. शब्द वस्तूचे वर्णन करतात हे खरे. पण त्याआधी ते माणसांना जागा नेमून देतात. कोणी पुढे बसायचे, कोणी मागे उभे राहायचे, हे शब्द ठरवतात. हा विचार ज्यांनी गंभीरपणे केला अशा दोन परंपरा वाचनात आल्या. एक प्राचीन चीनमधील नावांविषयीच्या तत्त्वचिंतनाची आणि दुसरी इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधील प्रार्थनेची. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही; त्यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे. पण दोघींनाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लोक रोज कोणते शब्द उच्चारतात यावर राज्य टिकते किंवा ढासळते. म्हणूनच दोन्ही ठिकाणी शब्दांची दुरुस्ती झाली, आणि दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न उभा राहिला: दुरुस्तीचा अधिकार कोणाचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची तपासणी करायची आहे.

२

कन्फ्यूशियसचा (इ.स.पू. ५५१-४७९) शिष्य त्सू-लू त्याला विचारतो, वेई राज्याचा कारभार तुमच्या हाती आला तर प्रथम काय कराल? गुरूचे उत्तर असे की प्रथम नावे दुरुस्त करीन. शिष्याला हे उत्तर विक्षिप्त वाटते. त्यावर गुरू साखळी मांडतो. नावे बरोबर नसतील तर बोलणे जुळत नाही, बोलणे जुळले नाही तर कामे होत नाहीत, विधी आणि संगीत फुलत नाही, शिक्षा योग्य माणसाला होत नाही, आणि शेवटी सामान्य माणसाला हातपाय कोठे ठेवावेत हेच कळेनासे होते. चीनी परंपरेत याला ‘चंग-मिंग’ म्हणतात. ‘मिंग’ म्हणजे नाव आणि ‘शी’ म्हणजे वास्तव. दोहोंचा मेळ घालणे हे राज्यकर्त्याचे पहिले काम.

दुसऱ्या एका प्रसंगी ची राज्याचा सरदार जिंग राज्यकारभाराविषयी विचारतो. उत्तर मिळते की राजाने राजा असावे, मंत्र्याने मंत्री, बापाने बाप आणि मुलाने मुलगा. सरदार खूश होतो. तो म्हणतो की असे नसेल तर कोठारात धान्य असूनही ते माझ्या तोंडात पडेल काय? या प्रतिसादाकडे भाष्यकारांनी जेवढे लक्ष द्यावे तेवढे दिलेले नाही असे मला वाटते. तत्त्ववेत्ता नावांबद्दल बोलतो आहे आणि सरदाराला आपले जेवण आठवते. ते धान्य पिकवणाऱ्याचे नाव मात्र त्या यादीत नाही.

तरीही कन्फ्यूशियसला चातुर्वर्ण्याचा समर्थक ठरवून मोकळे होणे योग्य नाही. त्याच्या सूत्रात एक धार आहे आणि ती वरच्या दिशेनेही चालते. मेन्शियसने ती चालवून दाखवली. शांग घराण्याचा जुलमी राजा चौ मारला गेला, हा राजवध नव्हे काय, असा प्रश्न त्याला विचारला गेला. त्याने सांगितले की माणुसकी आणि न्याय लुबाडणारा तो एक सामान्य इसम होता. इसम मारल्याचे मी ऐकले आहे, राजा मारल्याचे नाही. राजाचे काम न करणाऱ्याचे ‘राजा’ हे नाव येथे काढून घेतले आहे. नाव जन्माने चिकटत नाही, ते कामाने टिकवावे लागते, हा या विचारातला जिवंत भाग आहे.

पण हेच हत्यार उलटेही चालते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात कुंगसुन लुंग या वादपटूने ‘पांढरा घोडा हा घोडा नव्हे’ असे प्रतिपादन केले. ‘घोडा’ हा शब्द आकार सांगतो, ‘पांढरा’ हा रंग सांगतो. घोडा मागितला तर काळाही चालेल, पांढरा मागितला तर चालणार नाही. म्हणून दोन्ही एक नव्हेत. तर्कशास्त्राचे विद्यार्थी याकडे कोडे म्हणून पाहतात. मला यात वर्गातला तो प्रसंग दिसतो. नामाच्या मागे विशेषण लावायचे आणि मग विशेषणाच्या जोरावर नामच काढून घ्यायचे. ‘स्कॉलरशिपवाला विद्यार्थी’ हा मग विद्यार्थी राहत नाही. उत्तरकालीन मोहिस्ट तर्कवेत्ते तर असेही म्हणाले की दरोडेखोर हा माणूस असला तरी दरोडेखोराला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे. मेन्शियसचे वाक्य आणि हे वाक्य यांची घडण एकच आहे. एकाने सिंहासनावरच्याचे नाव काढून घेतले, दुसऱ्याने रस्त्यावरच्याचे. तर्काचा साचा तटस्थ असतो. तो कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

३

श्युनत्से या इ.स.पू. तिसऱ्या शतकातील विचारवंताने हा प्रश्न सर्वांत स्पष्ट मांडला. नावांना स्वतःची अशी काही योग्यता नसते, लोक ठरवतात आणि रूढी पडते म्हणून ती योग्य होतात, असे त्याने म्हटले. भाषेचे दैवीपण त्याने एका वाक्यात काढून टाकले. ज्या समाजात काही शब्द देवाच्या तोंडून आलेले आणि काही कानांना वर्ज्य मानले गेले, त्या समाजातून आलेल्या वाचकाला हे वाचून मोकळे वाटेल. पण श्युनत्से तिथे थांबत नाही. नावे ठरवण्याचे काम राजाचे, असे तो पुढे सांगतो. मनाने नवी नावे पाडून लोकांत संभ्रम माजवणे हा त्याच्या मते खोटी वजने-मापे वापरण्याएवढाच गुन्हा आहे. नावे संकेताने ठरतात हे ज्याला कळले तोच संकेत बदलण्याची वाट बंद करतो.

याच श्युनत्सेने प्रार्थनेविषयीही लिहिले आहे. पावसासाठी याचना केली आणि पाऊस पडला, याचा अर्थ काय? काही नाही, न करताही पडतोच. शहाणा माणूस या विधीला संस्कृतीचा अलंकार समजतो, सामान्य लोक त्याला देवाचे काम समजतात. म्हणजे वरच्यांनी अविश्वासाने विधी करायचा आणि खालच्यांनी विश्वासाने. हा खुलासा बुद्धिवादी आहे, पण समतावादी नाही.

त्याच्याआधीचा मोत्से मात्र वेगळ्या बाजूने आला. हा इ.स.पू. पाचव्या शतकातला, परंपरा त्याला कारागीर मानते. खर्चिक अंत्यविधी आणि दरबारी संगीत यांना त्याने विरोध केला, कारण त्यांचा भार कष्टकऱ्यांवर पडतो. कोणत्याही मताच्या खरेपणासाठी त्याने तीन कसोट्या सांगितल्या: प्राचीन आदर्श राजांच्या कृतीत त्याला आधार आहे काय, सामान्य लोकांच्या डोळ्याकानांची साक्ष त्याला आहे काय, आणि ते अमलात आणले तर लोकांचे हित होते काय. यातली दुसरी कसोटी मला फार महत्त्वाची वाटते. ज्ञानाच्या दरबारात सामान्य माणसाच्या डोळ्याकानांना साक्षीदार म्हणून बोलावणारा विचारवंत जुन्या जगात विरळा. अर्थात हीच कसोटी लावून मोत्सेने भुतेखेते खरी ठरवली, हेही सांगितले पाहिजे. लोकांचे डोळेकान चुकू शकतात. पण चुकणाऱ्या साक्षीदाराला उलटतपासणी असते. ज्याला साक्षीलाच बोलावले नाही त्याला काहीच नसते. चिन राजवटीनंतर मोत्सेची परंपरा लोपली आणि त्याच्या पंथाचे तर्कविषयक ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुन यी-रांगने पाठशुद्धी करीपर्यंत जवळजवळ दुर्बोध होते. कोणाचे ग्रंथ जपले जातात आणि कोणाचे कुजतात, हाही नावांच्या राजकारणाचाच भाग आहे.

लाओत्से आणि च्वांगत्से नावांच्या पलीकडे जाऊ पाहतात. मासा मिळाला की सापळा विसरावा, तसा अर्थ मिळाला की शब्द विसरावा, असे च्वांगत्से सुचवतो. आपल्या साहित्यिकांना हे फार आवडेल. पण ज्याच्या कपाळावर नाव डागले आहे त्याने ते विसरायचे कसे? जग त्याला रोज आठवण देते. च्वांगत्सेचीच दुसरी गोष्ट मला अधिक उपयोगाची वाटते. माकडे पाळणारा माकडांना म्हणतो, सकाळी तीन आणि संध्याकाळी चार फळे देईन. माकडे चिडतात. बरे, सकाळी चार आणि संध्याकाळी तीन. माकडे खूश होतात. फळे सातच. आपल्याकडे १९३८ साली ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्याची वेळ आली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या पक्षाच्या सभासदांनी मुंबई कायदेमंडळातून सभात्याग केला. फळे सातच आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

४

आता इंग्लंडकडे वळू. १५४९ साली आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर याने तयार केलेले ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ कायद्याने सर्व चर्चमध्ये लागू झाले. ‘कॉमन’ म्हणजे सर्वांनी मिळून करायची. तोवर उपासना लॅटिनमध्ये चाले. धर्मगुरू पुटपुटे आणि लोक पाहत राहत. आता शब्द लोकांच्या भाषेत आले. सरदार आणि त्याचा गुराखी एकाच बाकावर नसले तरी एकच वाक्य म्हणू लागले. धर्मगुरूला मनाला येईल ते घालता-गाळता येईना. निरक्षर माणसाच्याही तोंडी उत्तम गद्य बसले. ही लहान गोष्ट नव्हे, आणि ज्यांच्या पूर्वजांना मंत्र ऐकण्याचीही बंदी होती त्यांनी तरी ती लहान मानू नये.

पण ‘लोकांची भाषा’ म्हणजे कोणत्या लोकांची? ९ जून १५४९ रोजी हे पुस्तक प्रथम वापरले गेले आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हन परगण्यातील सॅम्पफर्ड कोर्टने या गावच्या लोकांनी धर्मगुरूला जुनीच उपासना करायला भाग पाडले. डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड पसरले. बंडखोरांच्या मागण्यांत असे होते की आमच्यातल्या कित्येक कॉर्निश लोकांना इंग्रजी कळतच नाही. क्रॅन्मरचे उत्तर असे की लॅटिन समजणाऱ्यांपेक्षा इंग्रजी समजणारे तुमच्यात अधिकच असतील. तर्क बिनतोड आहे, पण त्यात माणूस नाही. बंड मोडताना हजारो माणसे मारली गेली. कॉर्निशमध्ये प्रार्थनापुस्तक झाले नाही आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती भाषा लोकांच्या तोंडून जवळजवळ गेली. याउलट १५६३ च्या कायद्याने वेल्श भाषांतराचा हुकूम झाला, १५६७ साली वेल्श प्रार्थनापुस्तक आले, आणि वेल्श भाषा आजही बोलली जाते. प्रार्थनेच्या भाषेचा प्रश्न किती ऐहिक असतो ते यावरून दिसावे.

या पुस्तकातली प्रश्नोत्तरी मुलांना पाठ करावी लागे. शेजाऱ्याप्रति माझे कर्तव्य काय, या प्रश्नाच्या उत्तरात राजाची आज्ञा पाळणे, मालक आणि गुरूंपुढे नमते घेणे, आपल्याहून श्रेष्ठ असलेल्या सर्वांशी लीनतेने वागणे, आणि देव ज्या स्थितीत बोलावील त्या स्थितीत आपले काम करणे, हे सारे येते. कन्फ्यूशियसचे ‘मुलाने मुलगा असावे’ येथे देवाच्या सहीने आले आहे. बारकाईने पाहिले तर मूळ वाक्यात क्रियापद भविष्यकाळी आहे: देव जिथे बोलावील. म्हणजे वाट खुली आहे. पण जमीनदारांच्या इंग्लंडने ते भूतकाळी ऐकवले: देवाने जिथे ठेवले. काळ बदलला की जात तयार होते.

आणि तरीही याच पुस्तकात रोजच्या सायंप्रार्थनेत मरियेचे गीत आहे. सत्ताधीशांना आसनावरून खाली खेचणारा, दीनांना वर उचलणारा, भुकेल्यांना पोटभर देऊन श्रीमंतांना रिकाम्या हाती पाठवणारा देव त्यात गायला जातो. सकाळी मुलाला लीनता पढवायची आणि संध्याकाळी त्याच्याच तोंडून सिंहासने उलथवायची, हा विसंवाद चर्चने चार शतके सांभाळला. रोज गाऊन गाऊन शब्द गुळगुळीत होतात, हे त्यामागचे एक कारण असावे. पण शब्द तिथेच राहतात. ते गंभीरपणे ऐकणारा माणूस कधी येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. साचेबद्ध प्रार्थनेचा हा गुण तिच्या रचनाकारांनाही पुरता ठाऊक नसावा.

हा विसंवाद वसाहतींत रक्तबंबाळ झाला. बाप्तिस्म्याच्या विधीत मुलाला देवाचे लेकरू आणि स्वर्गराज्याचा वारस म्हटले जाते. व्हर्जिनिया वसाहतीत, जिथे इंग्लंडचेच चर्च राजमान्य होते, १६६७ साली कायदा झाला की बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही. स्वर्गाचा वारस पृथ्वीवर दुसऱ्याच्या मालमत्तेत मोजला गेला. हा माणूस पांढरा घोडा ठरला नाही तर काय? बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टन मळे १७१० मध्ये मृत्युपत्राने अँग्लिकन मिशनरी संस्थेकडे आले. तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जाई. २००६ साली इंग्लंडच्या चर्चच्या धर्मसभेने गुलामीतील सहभागाबद्दल माफी मागितली. प्रार्थनेच्या शब्दांना तिथे बंधुत्वाचा अर्थ देता आला नाही, आणि डागलेल्या शब्दाचा अर्थ कोणाला शिकवावा लागला नाही.

५

खालून आलेला आवाजही या परंपरेला लाभला. १६६२ च्या समानरूपता कायद्याने नव्या प्रार्थनापुस्तकाला संपूर्ण संमती देणे सक्तीचे केले. त्या उलथापालथीत सुमारे २००० धर्मोपदेशक पदांना मुकले. जॉन बन्यन त्याआधीच, १६६० च्या नोव्हेंबरात, परवान्याविना उपदेश केल्याबद्दल तुरुंगात गेला होता आणि १६७२ पर्यंत तिथेच राहिला. हा फुटकी भांडी सांधणाऱ्याचा मुलगा आणि स्वतःही तोच धंदा करणारा. न्यायालयात त्याचा वाद प्रार्थनापुस्तकावरच झाला. त्याचे म्हणणे असे की प्रार्थना अंतःकरणातून उठते. दुसऱ्याने लिहिलेले शब्द म्हणणे म्हणजे प्रार्थना नव्हे. तुरुंगातून त्याने प्रार्थनेवर पुस्तकही लिहिले. त्याचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. एकीकडे कारागीर मोत्से, दुसरीकडे भांडी सांधणारा बन्यन. हाताने काम करणारी माणसे शब्दांची नाणी वाजवून पाहतात.

मराठी मनाशी या परंपरेची खरी झटापट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात झाली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला, आणि लवकरच धर्मभगिनींशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद सुरू झाला. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मी घेणार नाही, असा त्यांचा रोख होता. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी विचारले की ब्राह्मणांना संस्कृतबद्दल जे वाटते तेच तुम्हांला लॅटिनबद्दल वाटते काय? प्रश्न अचूक आहे. मात्र त्यांनी स्वतः संस्कृत अक्षरांचा आग्रह धरला. ती पवित्र म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा म्हणून. येथे आपल्याला थांबावे लागते. सुंदर खरी, पण कोणाच्या कानांसाठी? रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येईल की संस्कृत त्यांनाही सहज मिळालेली नव्हती. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांच्या वडिलांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला होता. आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनीच साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. लॅटिन नको, संस्कृत हवी, इथून निघून त्या साध्या मराठीपर्यंत आल्या. हा प्रवास मला त्यांच्या धर्मांतराइतकाच मोलाचा वाटतो.

६

शेवटी या दोन परंपरा प्रत्यक्ष जिथे भेटल्या त्या माणसाकडे येतो. फ्लॉरेन्स ली टिम-ओई ही हाँगकाँगमध्ये जन्मलेली चीनी स्त्री. मुलगे हवे असणाऱ्या समाजात बापाने तिचे नाव मुद्दाम असे ठेवले की त्यात प्रेमाची भर असावी. दुसऱ्या महायुद्धात ती मकाऊमध्ये निर्वासितांची सेवा करीत होती. पुरुष धर्मगुरूंना तिथे पोचता येईना. तेव्हा प्रभुभोजनाचा विधीही तीच चालवू लागली. काम धर्मगुरूचे, नाव मात्र नाही. बिशप रोनाल्ड हॉल याने २५ जानेवारी १९४४ रोजी तिला धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. जपानी व्याप्त प्रदेश ओलांडून ती तिथे पोचली होती. अँग्लिकन चर्चमधील ती पहिली स्त्री धर्मगुरू. हॉलची भूमिका अशी की तिला देणगी आधीच मिळाली आहे. मी फक्त ती मान्य करतो आहे.

ही कन्फ्यूशियसची चंग-मिंगच नव्हे काय? वास्तव होते, त्याला नाव मिळाले. फरक एवढाच की येथे वास्तव एका स्त्रीने कष्टाने उभे केले होते आणि सत्तेने फक्त सही केली. युद्ध संपल्यावर वरून दडपण आले. तिने १९४६ मध्ये धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना सोडला. दीक्षा मात्र नाकारली नाही. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत तिला हलाखी आणि छळ सोसावा लागला. १९७१ मध्ये हाँगकाँगने दोन स्त्रियांना रीतसर दीक्षा दिली. ली टिम-ओई १९९२ मध्ये कॅनडात वारली, तेव्हा ती पुन्हा धर्मगुरू म्हणून काम करीत होती.

एवढ्या विवेचनानंतर निष्कर्ष साधा आहे. नावांची दुरुस्ती आवश्यक आहे, याबाबत कन्फ्यूशियस बरोबर आहे. नावे माणसांनी ठरवलेली असतात, याबाबत श्युनत्से बरोबर आहे. पण दुरुस्तीची कसोटी राजाच्या कोठारात नाही आणि धर्मसभेच्या ठरावातही नाही. ती मोत्सेने सांगितलेल्या ठिकाणी, सामान्य माणसाच्या डोळ्याकानांत आहे. एखादे नाव उच्चारले जाताना ज्याला ते लागू होते त्याची मान वर जाते की खाली, हे आधी पाहावे. एखादी प्रार्थना सर्वांची म्हणवते, तर ती न समजणारे लोक कोण आहेत, हे आधी विचारावे. सुंदर गद्याला आणि बिनतोड तर्काला यातून सूट नाही.

माझ्या वर्गातही स्कॉलरशिप घेणारी मुले आहेत. फॉर्म भरण्याचा दिवस येतो तेव्हा मी यादी हातात घेतो आणि एकेकाला त्याच्या नावाने हाक मारतो. वेळ थोडा अधिक लागतो.